नागीण : कांजिण्यांची जुनी बाकी

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजाराचा आढावा, करविषयक लेख आणि दिवंगत सभासदांची स्मृतिचित्रे यांच्या जोडीस आरोग्यविषयक एखादा लेख असावा, असा प्रघात पडत चालला आहे. यंदा तो लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचा जन्म सियागंजात जिरे, धने आणि हळद यांच्या पोत्यांत गेला. तथापि गेल्या काही वर्षांत आमच्या आप्तांत व शेजारच्या पेढ्यांवर एक व्याधी वारंवार दृष्टीस पडली, तिच्याविषयी नाना प्रकारचे समज कानांवर आले, आणि त्या समजांपायी झालेले नुकसान आम्ही जवळून पाहिले. म्हणून जाणत्यांस विचारून आणि जे विश्वसनीय वाचावयास मिळाले ते वाचून हा लेख सिद्ध केला आहे. ती व्याधी म्हणजे नागीण.

आमचे एक चुलते आहेत. त्यांस येथे नुसते काकासाहेब म्हणू. ६० वर्षांवरील नागरिकांस करोनाची लस १ मार्च २०२१ पासून मिळू लागली, तेव्हा त्यांनी त्याच महिन्यात पहिली मात्रा घेतली. पुढे एप्रिलमध्ये ते करोनाने आजारी पडले. त्या महिन्यात इंदुराची काय अवस्था होती हे आपणा कोणास सांगावयास नको. प्राणवायूच्या टाक्यांसाठी लागलेल्या रांगा आणि एका इंजेक्शनासाठी रात्री-अपरात्री वणवण फिरणारी घरोघरची मुले अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. काकासाहेब नऊ दिवस रुग्णालयात राहून घरी परतले. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग जूनच्या अखेरीस एके सकाळी त्यांच्या छातीच्या उजव्या अंगास आग होऊ लागली.

पहिल्या दिवशी वाटले, अंग अवघडले असेल. दुसऱ्या दिवशी कोणी हृदयाची शंका काढली. आलेख काढला, तो निर्दोष निघाला. चौथ्या दिवशी बरगडीच्या रेषेने लालसर चट्टा व त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस दिसू लागला. शेजारच्या वृद्ध बाईंनी पाहताक्षणी निदान केले, 'ही तर नागीण!' निदान अचूक होते. उपचार मात्र गेरूच्या लेपाचा आणि नागीण उतरविणाऱ्या एका गृहस्थाचा झाला. त्यात आणखी चार दिवस गेले. डॉक्टरांची भेट झाली तेव्हा आठवा दिवस होता. फोड तीन आठवड्यांत सुकून गेले. वेदना पुढील होळीपर्यंत राहिली. अंगावर बंडीचा स्पर्श सोसवेना. चाळीस वर्षे न चुकता गादीवर बसलेला मनुष्य आठ महिने घरी उघड्या अंगाने बसून राहिला.

हे झाल्यावर घरात निष्कर्ष निघाला तो असा, की हा लशीचा प्रताप. काकूंनी त्या धसक्याने आपली दुसरी मात्रा कित्येक महिने घेतलीच नाही. असेच आणखी काही घरांत घडल्याचे आमच्या कानांवर आले. करोनाने नागीण उठते काय, लशीने उठते काय, आणि उठली असता काय करावे, हे तीन प्रश्न म्हणून नीट पाहणे अगत्याचे वाटते.

प्रथम नावाविषयी. पुरळ कमरेस किंवा छातीस अर्धा विळखा घालते, म्हणून आपल्या लोकांनी त्यास नागीण म्हटले. मौज अशी की, ग्रीक लोकांसही हेच सुचले होते. सरपटणे या अर्थाच्या त्यांच्या धातूपासून 'हर्पीज' हा शब्द आला, आणि 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. दूरदूरच्या दोन समाजांनी एकाच पुरळाकडे पाहून जवळजवळ एकच कल्पना करावी, याचा अर्थ दोघांनीही नीट निरखून पाहिले होते. कारण मात्र दोघांसही ठाऊक नव्हते.

कारण आहे कांजिण्यांचे. ज्यास आपल्याकडील हिंदी भाषक छोटी माता म्हणतात, त्याच कांजिण्यांचा विषाणू नागिणीस कारण होतो. लहानपणी कांजिण्या येतात, आठ-दहा दिवसांत खपल्या पडतात, आणि खाते बंद झाले असे आपण समजतो. शरीराच्या वहीत तसे घडत नाही. हा विषाणू त्वचेतून मज्जातंतूंच्या वाटेने आत जातो आणि कण्याच्या दोन्ही अंगांस, मज्जातंतूंच्या मुळाशी ज्या बारीक गाठी असतात, त्यांत जाऊन बसतो. तेथे तो मरत नाही व वाढतही नाही. आपण दर दिवाळीस नवी वही घालतो आणि एखादी जुनी बाकी मागच्या वहीतून पुढे ओढतो; वर्षानुवर्षे ती रक्कम कोणी मागत नाही, पण कोणी माफही केलेली नसते. त्याप्रमाणे ही बाकी वयाच्या सातव्या वर्षापासून सत्तराव्या वर्षापर्यंत शरीराच्या खात्यावर निमूटपणे पुढे ओढली जाते. ज्या दिवशी ती मागितली जाते, त्या दिवशी विषाणू ज्या गाठीत जागा झाला तिच्या मज्जातंतूने खाली उतरतो, आणि तो तंतू त्वचेच्या जेवढ्या पट्ट्यास पोचतो तेवढ्याच पट्ट्यात फोड उठतात. आधी तंतू दुखावतो व मग त्वचा, म्हणून वेदना दोन-चार दिवस अगोदर येते आणि फोड मागाहून दिसतात. काकासाहेबांच्या हृदयाचा आलेख निघाला तो या अंतरामुळे. उजवीकडे कमरेत उठली तर मुतखड्याची शंका येते, आणि आपल्या बाजारातील हमालांत उठली तर पोते उचलताना लचक भरली असा सर्वांचा समज होतो.

कांजिण्या व नागीण यांचे नाते प्रथम बुडापेस्ट येथील बोकाय नामक बालरोगतज्ज्ञांच्या ध्यानी आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी पाहिले, की घरात मोठ्या माणसास नागीण झाली की मागाहून लहान मुलांस कांजिण्या येतात. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील टॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांतील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचे दाखविले. परंतु या विषयात आमचे मन रमले ते एका साध्या खेड्यावजा गावच्या डॉक्टराच्या कामात. इंग्लंडमधील सायरन्सेस्टर गावी एडगर होप-सिम्प्सन हे गृहस्थ वैद्यकी करीत. मोठी प्रयोगशाळा नाही, विद्यापीठाचे पद नाही; आपल्याकडे येणाऱ्या कुटुंबांची टिपणे मात्र ते एखाद्या जुन्या मुनीमाच्या चोखपणाने ठेवीत. शेटलंड बेटांपैकी येल या बेटावर, जेथे माणसे थोडी व येणे-जाणे मर्यादित, तेथे जाऊन त्यांनी कोणाकडून कोणास काय झाले याचा माग काढला. आणि आपल्या गावातील सोळा वर्षांच्या टिपणांतून १९२ नागिणीच्या रुग्णांचा हिशेब १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या हिशेबातून दोन गोष्टी निघाल्या. एक, वय जसे वाढते तशी नागीण वाढते. दुसरी, हा बाहेरून नव्याने लागलेला रोग नसून आत दडून बसलेला जुना विषाणूच पहारा ढिला पडताच उठतो. पहारा हा शब्द आमचा आहे. अर्थ त्यांचा आहे.

हा पहारा कोणाचा? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील टी-पेशी म्हणून ज्या ओळखल्या जातात, त्या या दडलेल्या विषाणूवर नजर ठेवून असतात. पन्नाशीनंतर त्यांचे बळ हळूहळू कमी होते. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोगाचे उपचार, सांधेदुखीवर दिली जाणारी प्रतिकारशक्ती मंद करणारी औषधे आणि स्टेरॉइडे यांनी ते आणखी घटते. म्हणून करोना नसतानाही नागीण होतीच. ज्या देशांत नीट मोजदाद झाली आहे तेथे दर हजार माणसांत वर्षास ३ ते ५ जणांस ती होते. उतारवयात हे प्रमाण याच्या दुपटीच्याही पुढे जाते. अमेरिकेतील हिशेब असा, की आयुष्यभरात दर तिघांपैकी एकास ती गाठते. हे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे लशीच्या हिशेबात त्यांची गरज पडणार आहे.

आता करोनाकडे वळू. इंदुरात मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात पहिले रुग्ण आढळले व नंतरच्या आठवड्यांत आपले शहर प्रदेशातील सर्वांत अधिक पीडित शहरांत गणले गेले. या रोगाच्या तीव्र अवस्थेत रक्तातील टी-पेशींची संख्या झपाट्याने घटते, हे सुरुवातीच्या महिन्यांतच डॉक्टरांच्या ध्यानी आले होते. म्हणजे जे पहारेकरी जुन्या विषाणूवर नजर ठेवीत, त्यांपैकी कितीएक नव्या शत्रूकडे धावले आणि कितीएक कामी आले. त्यातच जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले, की प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडाने वाचू शकतात. या औषधाने असंख्य लोक जगले, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे. पण ते प्रतिकारशक्तीस आवर घालते आणि मधुमेह्याची साखर वाढविते, हेही तितकेच खरे. दुसऱ्या लाटेत घरच्या घरी, डॉक्टरांस न विचारता, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून स्टेरॉइडे घेणारे लोक आम्हीही पाहिले आहेत.

परिणाम आकड्यांत दिसतो काय? ब्राझीलमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांतील नागिणीच्या नोंदी मागील तीन वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आढळल्या. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या व करोना होऊन गेलेल्या जवळजवळ ४ लाख लोकांची तुलना करोना न झालेल्या सुमारे १६ लाखांशी करण्यात आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या हिशेबात करोना झालेल्यांत नागिणीचे प्रमाण १५ टक्क्यांनी, आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले त्यांच्यात २१ टक्क्यांनी अधिक निघाले. म्हणजे एरवी १०० जणांस झाली असती तेथे ११५ किंवा १२१ जणांस झाली. वाढ खरी, पण आभाळ कोसळावे एवढी नव्हे. सर्व देशांतील अभ्यासांचा कौल तंतोतंत एक नाही. तथापि तीव्र आजार, उतारवय, मधुमेह आणि स्टेरॉइडे ही चौकडी जेथे एकत्र येते तेथे नागिणीस वाट मोकळी होते, असे म्हणण्यास हरकत नाही. काकासाहेबांच्या ठायी ही चारही होती.

नागिणीचा विषाणू ज्या कुळातला, त्या हर्पीज कुळातील आठ विषाणू माणसास बाधतात, आणि एकदा आत शिरल्यावर जन्मभर दडून राहणे हा त्या कुळाचा स्वभावच आहे. कडक ताप येऊन गेला की ओठाच्या कोपऱ्यावर फोड उठतात व आपण 'ताप ओठावर फुटला' असे म्हणतो. तो याच कुळातील दुसऱ्या विषाणूचा उठाव होय. करोनाच्या अतिदक्षता विभागांतील रुग्णांत या कुळातील आणखी काही विषाणू जागे झाल्याचे आढळले आहे. परंतु सामान्य कुटुंबास ज्याची झळ लागते ती नागीणच. इतरांचा विस्तार येथे करीत नाही.

आता लशीचा प्रश्न. लस टोचल्यावर काही दिवसांत नागीण उठल्याच्या नोंदी जगभर झाल्या, आणि त्या लपविण्यात आल्या नाहीत. इस्रायलमध्ये २०२१ मध्ये सांधेवाताच्या जातीच्या विकारांनी आजारी असलेल्या सहा रुग्णांची नोंद झाली. आपल्याकडे दिल्लीच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी मृत विषाणूपासून बनविलेल्या लशीनंतर उठलेली नागीण नोंदविली. पण एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे होत नाही, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगण्याची गरज नाही. दुकानाचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी मिरचीचा भाव चढला, तर तो उद्घाटनाने चढला असे आपण म्हणत नाही. इंदुरात ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पात्र अशा सुमारे २८ लाख प्रौढांस पहिली मात्रा देऊन झाल्याचे प्रशासनाने जाहीर केले. वर सांगितलेला दर हजारी ३ ते ५ चा दर त्यांस लावला, तर लस असो वा नसो, एवढ्या लोकांत वर्षाकाठी ८,४०० ते १४,००० जणांस नागीण व्हावयाचीच. म्हणजे महिन्यास ७०० ते सुमारे १,१७० जणांस. सर्वांनी काही महिन्यांच्या अवधीत लस घेतली असता त्यांपैकी कित्येकांची नागीण लशीच्या पाठोपाठ येणार, हे उघड आहे. त्या शेकड्यांतील एक आपल्या घरी असला म्हणजे कारण सापडल्यासारखे वाटते.

मग लशीचा वाटा शून्यच काय? तसेही ठामपणे म्हणता येत नाही, आणि आम्ही वाचकांपासून ते दडवू इच्छीत नाही. इस्रायलमध्ये फायझरच्या लशीवर मोठा अभ्यास झाला. लस घेतलेल्यांची व न घेतलेल्यांची, वय-प्रकृती जुळवून, ४२ दिवस तुलना केली, तेव्हा लस घेतलेल्यांत दर लाखामागे सुमारे १६ जणांस अधिक नागीण झाली. उलट अमेरिकेत २० लाखांहून अधिक लस घेतलेल्यांचा हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात काहीच वाढ आढळली नाही. हाँगकाँगमध्ये नागिणीपायी रुग्णालयात जावे लागण्याच्या प्रमाणात लशीनंतर थोडी वाढ दिसली, पण तेही दर दहा लाख मात्रांमागे बोटांवर मोजण्याइतके. शिवाय आपल्याकडे बहुतेकांनी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड किंवा हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन घेतली. या लशी वेगळ्या घडणीच्या, म्हणून फायझरचे आकडे जसेच्या तसे आपल्यास लावता येत नाहीत. एवढे मात्र पक्के, की या लशींत कांजिण्यांचा विषाणू नाही. त्या बाहेरून नागीण आणून घालू शकत नाहीत. फार तर आतील पहाऱ्याचे लक्ष काही दिवस नव्या पाहुण्याकडे वेधले जात असावे व तेवढ्यात एखादा जुना विषाणू संधी साधत असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

दोन्ही बाजू तराजूत घातल्या तर काय दिसते? एका पारड्यात, सर्वांत वाईट हिशेब धरला तरी, लाखात १६ नागिणी, ज्या वेळीच औषध केल्यास बहुधा बऱ्या होतात. दुसऱ्या पारड्यात २०२१ चा एप्रिल महिना. काकासाहेबांच्या बाबतीत तर मार्चमधील लस आणि जूनच्या अखेरची नागीण यांमध्ये तीन महिने होते, आणि त्या तीन महिन्यांत नऊ दिवसांचे रुग्णालय व स्टेरॉइडे होती. घरच्यांनी तरीही लशीसच दोषी धरले, कारण लस आपण होऊन घेतली होती आणि रोग आपण होऊन घेतला नव्हता. मनुष्यस्वभाव असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. लशीविषयीचे हे कुजबुजणे मात्र लग्नकार्यांत अजून ऐकू येते.

नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, हा समज आपल्या घरांत किती खोल रुजला आहे हे सर्वांस ठाऊक आहे. काकासाहेबांच्या घरी दोरीने मोजून पाहण्यात आले होते. वस्तुस्थिती अशी की, प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच अंगास पोचतो आणि छाती-पोटाच्या मध्यरेषेपाशी थांबतो. म्हणून पुरळही तेथेच थांबते. डावी-उजवी दोन्हीकडे एकाच वेळी उठणे अत्यंत विरळा, आणि तसे झाले तर भय वर्तुळाचे नसून ज्या दुर्बलतेमुळे ती तशी पसरली तिचे असते. उतरविणाऱ्या गृहस्थाची कीर्तीही येथूनच निघते: प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसाची नागीण मध्यरेषेपाशी थांबणारच आणि दोन-चार आठवड्यांत सुकणारच. मंत्र म्हटला तरी, न म्हटला तरी. कोणाच्या श्रद्धेस धक्का लावण्याचा आमचा हेतू नाही. गेरूनेही फार बिघडले नसते. बिघडले ते गेरूच्या दिवसांनी.

कारण या रोगात दिवस मोजून मिळतात. विषाणूची वाढ रोखणारे असायक्लोव्हिर हे औषध १९८० च्या सुमारास उपलब्ध झाले. त्याच्या शोधात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांस १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे व याच जातीची औषधे पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर फोड लवकर सुकतात व तीव्र वेदनेचे दिवस कमी होतात. म्हणून अंगाच्या एकाच बाजूस, पट्ट्यासारखी, जळजळणारी वेदना व तिच्यावर फोड दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर एक रात्रही थांबू नये. नाकाच्या शेंड्यास जो तंतू पोचतो त्याचीच शाखा डोळ्यात जाते व दृष्टीस धोका असतो. कानात फोड व चेहरा एका बाजूस ओढल्यासारखा झाला तर तेही तितकेच निकडीचे. फोड गेल्यावर तीन महिन्यांहून अधिक काळ राहणारी वेदना दर दहा रुग्णांपैकी एकास किंवा किंचित अधिकांस होते; वय जितके अधिक तितकी तिची शक्यता अधिक. ती सोसत बसण्याची गोष्ट नव्हे. तिच्यावर वेगळी औषधे आहेत. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ती हटत नाही, म्हणून लोक निराश होतात.

येथे आपल्या कुटुंबांपुरती एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर छापलेली नसते. असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यावे लागते, आणि त्याबरोबर पाणी भरपूर प्यावे लागते, नाही तर मूत्रपिंडांवर ताण येतो. आता ज्या घरी चौविहार पाळला जातो, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेतला जात नाही, तेथे पाच मात्रा बसवावयाच्या कशा? वडीलधारी मंडळी डॉक्टरांपुढे हे बोलत नाहीत. घरी येऊन दोन मात्रा गुपचूप गाळतात. औषध अर्धे, पाणी अपुरे, आणि मग 'औषधाचा गुण आला नाही'. याच जातीचे व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून तीनदा घेऊन चालते. डॉक्टरांस आपला नियम आधीच सांगितला तर ते प्रकृती व मूत्रपिंडांची अवस्था पाहून सोयीचे ते लिहून देतील. चातुर्मासात दीर्घ उपवास चालू असेल तर तेही सांगावे. पच्चक्खाणातच आजारपणासाठी आगार ठेवलेले असतात. त्याविषयी गुरुमहाराजांस विचारण्यास संकोच नसावा.

संसर्गाविषयी थोडक्यात. नागिणीने दुसऱ्यास नागीण होत नाही. फोडांतील पाण्याचा स्पर्श, ज्यास कांजिण्या कधी आल्या नाहीत अशा माणसास झाला तर त्यास कांजिण्या येऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ कापडाने झाकावे, पंचा व अंथरूण वेगळे ठेवावे, आणि तान्हे मूल, गरोदर सून किंवा कर्करोगाचे उपचार घेणारा आप्त यांपासून अंतर राखावे. वाळीत टाकल्यासारखे करण्याची गरज नाही. आणि पेढीवरील हमालास नागीण झाली तर त्यास नुसती सुट्टी देऊन भागत नाही. त्याची त्या दिवसांची मजुरी व औषधाचा खर्च पेढीने सोसावा असे आमचे मत आहे. तो डॉक्टरांकडे तीन दिवसांत जाईल की आठ दिवसांनी, हे बहुधा त्यावरच ठरते.

अखेरीस प्रतिबंधाविषयी. नागिणीवर स्वतंत्र लस आहे. शिंग्रिक्स नावाची ही लस पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी भारतात २०२३ पासून मिळू लागली. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात. मोठ्या चाचण्यांत ५० वर्षांवरील लोकांत तिने ९७ टक्के आणि ७० वर्षांवरील लोकांत जवळजवळ ९० टक्के संरक्षण दिले; उतारवयात इतका गुण देणाऱ्या लशी थोड्या. दंड चांगलाच दुखतो, एक-दोन दिवस कणकण राहते. खर्च मध्यम कुटुंबास जड वाटावा असा आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्यांस एकदा नागीण झाली त्यांसही, ती पूर्ण बरी झाल्यावर, ही लस घेता येते, कारण बाकी एकदा मागितली म्हणजे फिटली असे नसते.

काकासाहेबांनी गेल्या हिवाळ्यात तिची पहिली मात्रा घेतली व अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दुसरी. काकू बरोबर होत्या. त्यांनी डॉक्टरांस तीन-तीनदा विचारले, की ही टोचल्याने नागीण तर उठणार नाही ना. हिच्यात जिवंत विषाणू नाही, विषाणूचा एक तुकडा तेवढा आहे, असे डॉक्टरांनी त्यांस समजावून सांगितले. काकूंनी ते ऐकून घेतले, दंडावरील पदर सारला, आणि मग आपलीही पहिली मात्रा तेव्हाच टोचून घेतली.